पंडिता रमाबाईंना शांती केव्हा मिळाली?

पैनगंगेच्या पलीकडे, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. बाजारात तेलुगू आणि चुलीजवळ मराठी, अशी तिकडची रीत. त्या भागातील शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी एकदा आमच्याजवळ आपले मन मोकळे केले. लहानपणी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मंडळीपुढे विश्वास कबूल केला, आणि प्रभुभोजन त्या कधी चुकवीत नाहीत. गेली कित्येक वर्षे त्या मुलांना ख्रिस्ताच्या शांतीचे धडे देत आहेत, वचने पाठ करून घेत आहेत. परंतु रात्री दिवा मालवल्यावर ती शांती आपल्याजवळ नाही असे त्यांना जाणवते. मग आपण या लेकरांना फसवीत तर नाही ना, या विचाराने त्या व्याकूळ झाल्या होत्या. आपण वर्ग सोडून द्यावा की काय, असे त्यांनी आम्हांस विचारले.

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आम्ही त्यांच्याबरोबर प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. परतीच्या वाटेवर मात्र पंडिता रमाबाईंची आठवण झाली, आणि आपण त्यांची गोष्ट इतकी वर्षे अर्धवटच सांगत आलो, हेही ध्यानात आले.

आपल्या मंडळ्यांत रमाबाईंचे चरित्र सांगतात ते बहुधा असे: संस्कृतात पारंगत अशी एक ब्राह्मण विधवा विलायतेस गेली, तेथे तिने ख्रिस्ताचा स्वीकार केला आणि परत येऊन केडगावास दुष्काळात सापडलेल्या मुलींचा सांभाळ केला. यात खोटे काही नाही. पण बाप्तिस्मा झाला १८८३ साली, आणि अंतःकरणाला स्वस्थता लाभली ती १८९१ साली, असे रमाबाईंनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. ही मधली आठ वर्षे आपण गाळून टाकतो. ती आज सांगावयाची आहेत. मात्र त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आता कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रीने शास्त्र शिकू नये असे मानण्याचा तो काळ. तरीही त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. रमाबाई लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि मग घर असे राहिलेच नाही. देवळाच्या आवारात उतरावे, पुराण सांगावे, मिळेल ते दान घ्यावे, त्यातले बरेचसे पुन्हा दानधर्मात घालावे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असे आयुष्य. गोदावरीकाठी बासरला सरस्वतीचे देऊळ आहे. ते पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, २०१६ च्या फेररचनेपासून निर्मल जिल्ह्यात गेले. लेकरांना पहिली अक्षरे गिरविण्यासाठी लोक तेथे आणतात, हे तिकडच्या वाचकांना ठाऊकच आहे. रमाबाईंना विद्या मिळाली ती आईच्या तोंडून, रस्त्याच्या कडेला आणि धर्मशाळेच्या ओट्यावर. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. दान देणारे हातच रिकामे झाले. या कुटुंबाला अंगमेहनतीची सवय नव्हती, आणि भीक मागणे कुलाच्या अभिमानात बसत नव्हते. होते नव्हते ते देवकार्यात खर्च केले, उपास केले, अनुष्ठाने केली. काही घडले नाही. शेवटी रानात जाऊन झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वडिलांची दृष्टी गेली होती. मरण्यापूर्वी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले, तिला देवाच्या हाती सोपविले आणि जन्मभर त्याचीच सेवा करावयास सांगितले. ज्या देवाला ते आयुष्यभर शोधीत फिरले तो त्यांना कोणत्या रूपात कळला होता, हे आपण ठरवू नये. त्यांची तळमळ खरी होती, आणि मुलीने ती कधी हलकी मानली नाही.

काही आठवड्यांनी रायचूर येथे आईही गेली. रायचूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आदिलाबादचा मुलूखही त्याच राज्यात. परमुलखातील कंगाल बाईचे प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या खांदेकऱ्याच्या जागी सोळा वर्षांच्या रमाबाई. त्या ठेंगण्या होत्या, तिरडी खांद्यावर समपातळीत येईना, म्हणून ती त्यांनी डोक्यावर घेतली आणि तीन मैल चालत गेल्या. शब्बाथ शाळेत हा प्रसंग सांगताना आमचा आवाज नेहमीच अडतो.

पुढे थोरली बहीणही वारली. भाऊ-बहीण दोघेच उरले आणि हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात थंडीच्या दिवसांत पांघरूण नव्हते, तेव्हा झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून ती दोघे त्यात रात्र काढीत. दुष्काळाने पोट रिकामे केले होते. या भटकंतीत श्रद्धाही ओसरली. सांगितलेले सर्व करूनही देव बोलला नाही, असे दोघांनाही वाटू लागले.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची उपासना पहिल्यांदा पाहिली. मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काही पुटपुटत आहेत, हे पाहून हे लोक खुर्च्यांची पूजा करतात अशी त्यांची समजूत झाली. आपल्याला यात हसू येते. पण बाहेरून आलेल्या माणसाला आपली उपासना कशी दिसते, याचाही विचार त्यातून सुचावा. तेथे त्यांना पवित्र शास्त्राची एक संस्कृत प्रत भेट मिळाली. त्या संस्कृताची धाटणी त्यांना परकी वाटली, मन लागले नाही, आणि पुस्तक बाजूस पडले. हे पुस्तक वाचकांनी लक्षात ठेवावे. शेवटी त्याचे कारण पडणार आहे.

१८८० साली भाऊ श्रीनिवास ढाक्यास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ त मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. संसार जेमतेम दोन वर्षांचाही झाला नाही. परंतु त्या अल्प काळात, आसामात सिलचर येथे, पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी आवडीने वाचली. आईवडील, भावंडे आणि पती, सर्वांना मागे टाकून चोविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि १८८३ साली इंग्लंडला प्रयाण केले.

आता त्या आठ वर्षांकडे वळू. इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. बरोबर आलेल्या मैत्रिणीने त्याच सुमारास आत्महत्या केली. परदेशात हा केवढा धक्का! भगिनींनी पतित स्त्रियांसाठी चालविलेला आश्रम त्यांनी फुलम येथे पाहिला. ज्या स्त्रियांना जगाने टाकले त्यांची सेवा हे लोक का करतात, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची हकिकत वाचून दाखविली. रमाबाईंचे मन तेथे ख्रिस्ताकडे ओढले गेले. आपल्याच समाजातून आलेले रेव्हरंड नहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाने बुद्धीचे समाधान झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व चिमुकली मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे आपण गोष्ट संपवितो. रमाबाईंची अस्वस्थता मात्र संपली नाही. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, मंडळीच्या अधिकाऱ्यांचा शब्द अखेरचा मानावा की नाही, अशा विषयांवर गेराल्डीन या भगिनीशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. ती पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचताना दोघींचीही कीव येते: एक आपल्या आध्यात्मिक लेकीसाठी काळजीत, आणि दुसरी एका बंधनातून सुटून लगेच दुसऱ्या बंधनात जाण्यास नाराज. ख्रिस्ती लोकांत किती पंथ आहेत हे पाहूनही त्या गोंधळल्या. कानही हळूहळू दगा देत होते. डॉक्टर होण्याचा बेत त्यामुळे सोडावा लागला.

असे असूनही या वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नाहीत, हे आम्हांला विशेष वाटते. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकल्या व शिकविले. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास अमेरिकेत गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि त्यांच्या कार्यासाठी बोस्टन येथे संघ स्थापन झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी गोदूबाई तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. जगाच्या दृष्टीने या स्त्रीजवळ आता कीर्ती होती, कार्य होते, ख्रिस्ती हे नाव होते. पण आपल्या पापाचे ओझे उतरले आहे, देवाने आपल्याला खरोखर जवळ केले आहे, याची खात्री मनात नव्हती.

१८९१ साली विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हे हॅस्लम साहेब कॉर्नवॉलमध्ये पाळक होते. पुष्कळ वर्षे सेवा केली, चर्च बांधले, नेमाने उपदेश केले; आणि १८५१ साली एके दिवशी व्यासपीठावर उपदेश करीत असतानाच त्यांच्या लक्षात आले की, आपण ज्याच्याविषयी बोलत आहो त्याची आपली ओळखच नाही. त्याच वेळी, स्वतःच्या मंडळीसमोर, त्यांना तारणाचा अनुभव आला. रमाबाईंना या पानांत आपलेच चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळाला नाही, हे त्यांना उमगले.

येथवरची त्यांची चूक काय होती? आम्हांला वाटते, त्या सत्याच्या मागे विद्यार्थ्यासारख्या लागल्या होत्या. एकेक मत तपासावे, पटले तर घ्यावे, आणि सर्व पटले म्हणजे शांती आपोआप येईल, अशी वाट पाहावी. शिवाय चांगली कृत्ये करीत राहिल्यास देव प्रसन्न होईल, ही वडिलांच्या काळापासूनची सवय नव्या धर्मातही त्यांच्याबरोबर आली होती. तीर्थे सुटली होती, पण मनाचा हिशेब सुटला नव्हता. आता त्यांनी तो टाकून दिला. आपण पंडिता आहो, संस्थेच्या चालक आहो, हे सारे बाजूस ठेवून एखाद्या पापी माणसाने यावे तशा त्या आल्या, आणि प्रभूने आपल्याला आहे तसे स्वीकारले असा विश्वास धरला. आनंद इतका झाला की तो शब्दांत सांगणे त्यांना कठीण गेले. पहिला बाप्तिस्मा खोटा होता असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत, आणि आम्हीही म्हणणार नाही. दार त्या दिवशीच उघडले होते. आत जाऊन बसण्यास आठ वर्षे लागली.

ही शांती मिळाल्यावर त्यांचे दिवस सुखाचे गेले असतील, अशी जर कोणाची समजूत असेल तर ती दूर करावी. खरी वादळे त्यानंतरच आली. शारदा सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. परंतु रमाबाई आपली प्रार्थना दार लावून करीत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात गहजब झाला. केसरीने टीका केली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी वीसाहून अधिक मुली काढून नेल्या. पालकांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. आपली मुलगी परक्या धर्मात जाईल ही भीती कोणत्याही आईबापांस वाटेल. रमाबाईंना याचे दुःख झाले, पण पूर्वीसारख्या त्या डळमळल्या नाहीत. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन या देवभक्तांची चरित्रे वाचून, केवळ देवावर भरवसा ठेवून काम हिंदुस्थानातही चालेल की नाही, याचा त्या विचार करू लागल्या होत्या.

त्यानंतर १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे रस्त्यावर मरू लागली. अंगावर कातडी आणि हाडे उरलेल्या मुली पाहून त्यांना १८७४ साल आठवले नसेल तर नवल. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना बरोबर घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू होता; अधिकाऱ्यांनी इतक्या मुली शहरात ठेवू दिल्या नाहीत. केडगावास रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तेथे उघड्या माळावर तात्पुरत्या निवाऱ्यांत मुलींची सोय झाली, आणि त्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. प्लेगच्या इस्पितळात मुलीची आबाळ झाली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारलाही जाब विचारला. शांत मनुष्य म्हणजे मुकाट बसणारा मनुष्य, असे कोणी समजू नये.

एक गोष्ट शब्बाथ शाळेच्या मुलांना फार आवडते. या दुष्काळाच्या आधी लोणावळ्याच्या मेळाव्यास रमाबाई गेल्या होत्या. विश्वासात आलेल्या १५ मुली त्यांच्याबरोबर होत्या. त्या संख्येला त्याच संख्येने गुणून तितक्या मुली प्रभूने द्याव्यात, अशी त्यांनी प्रार्थना केली. गुणाकार फळ्यावर मुलांकडूनच करवून घ्यावा: २२५. दुष्काळाने केडगावची संख्या याच्याही कितीतरी पुढे नेली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तर तेथे दीड हजारांहून अधिक स्त्रिया व मुली होत्या. शिवण, विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना, सारे त्याच चालवीत. १९०५ साली तेथे मोठे उज्जीवन झाले. त्यावर पुष्कळ पुस्तके निघाली आहेत, म्हणून आम्ही येथे थांबत नाही.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील मोठे काम घोंगावणाऱ्या गर्दीपासून दूर, एका टेबलाशी झाले. मराठी पवित्र शास्त्र होते, पण त्यातील संस्कृतप्रचुर शब्द आपल्या खेडवळ मुलींना कळत नाहीत, हे त्या रोज पाहत होत्या. कलकत्त्यास मिळालेली ती प्रत आपण स्वतः, एवढे संस्कृत येत असून, कशी बाजूस टाकली होती, याचा त्यांना विसर पडला नसावा. म्हणून त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि सबंध पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास बसल्या. जिला सरस्वती ही पदवी मिळाली होती तिने आपले भारी शब्द एकेक करून खाली ठेवले आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल ते शब्द उचलले. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या सदनातल्याच स्त्रिया होत्या. पुष्कळजणी तेथे आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवा करार १९१३ साली छापून झाला.

१९२१ साली मनोरमा वारली. आईचे काम तीच पुढे चालविणार अशी सर्वांची अपेक्षा होती. कान आता जवळजवळ गेलेच होते आणि शरीर थकले होते. ज्या स्त्रीने सोळाव्या वर्षी आईला पोहोचविले तिच्यावर आता एकुलत्या एक लेकीला निरोप देण्याची पाळी आली. या वेळीही देव बोलला नाही असे त्यांना वाटले असते, तर कोणी दोष दिला नसता. पण रायचूरच्या वाटेवरची ती मुलगी आणि केडगावची ही वृद्धा यांच्यामध्ये १८९१ साल होते. मुलीच्या मृत्यूनंतर त्या पुन्हा टेबलाशी आल्या. जुन्या कराराची शेवटची तपासणी व्हावयाची होती, ती त्यांनी पुरी केली.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूच्या घरी गेल्या. सबंध पवित्र शास्त्र छापून बाहेर पडले ते १९२४ साली, मुक्तीच्या छापखान्यातून, त्याच स्त्रियांच्या हातून.

आदिलाबादकडच्या त्या शिक्षिकाबाईंना आम्ही एवढेच कळविले आहे की, वर्ग सोडू नये. रमाबाईंनीही त्या आठ वर्षांत आपले काम सोडले नव्हते. मात्र मुलांसाठी जो अध्याय त्या तयार करतात तो एकदा, वही व पेन्सिल बाजूस ठेवून, केवळ स्वतःसाठी वाचावा. शोमरोनी स्त्रीचाच का घेऊ नये?